पियानोचे वय : दोन वर्षांच्या मधली जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर गिरगावातल्या एका शाळेत इतिहास शिकवत. सनावळ्या घोकून घेणारे ते शिक्षक नव्हते. मुलाने फळ्यावर एखादे साल लिहिले की ते एवढेच विचारायचे, "कशावरून?" पुस्तकात छापलंय, हे उत्तर त्यांना चालत नसे. पुस्तकवाल्याने ते कशावरून छापले, हा पुढचा प्रश्न तयारच असे. त्यांच्या स्मृतीला मान देताना त्यांचाच प्रश्न एखाद्या वस्तूला विचारून पाहावा असे मनात आले. अंगावर साले भरपूर आणि तरी वयाचा पत्ता नाही, अशी वस्तू शोधत गेलो आणि पियानोपाशी थांबलो.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात सध्या घरे रिकामी होताहेत. इमारत पुनर्विकासाला गेली की सामानाची वाटणी सुरू होते. भांडीकुंडी, कपाटे, पलंग यांचे काय करायचे ते चार दिवसांत ठरते. एखाद्या घरात मात्र भिंतीला टेकून पियानो उभा असतो आणि तिथे सगळे अडते. तात्पुरत्या भाड्याच्या जागेत तो मावत नाही आणि भंगारवाल्याच्या हातात द्यायला मन धजत नाही. मग प्रश्न निघतो, हा आहे तरी किती जुना? गंमत अशी की इमारतीचे वय सरकारदरबारी चोख नोंदलेले असते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची उपकरप्राप्त इमारत 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची 'ब' वर्गात, पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क' वर्गात. भिंतीच्या वयाला कागद आहे. भिंतीला टेकलेल्या वाद्याचे वय मात्र घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी.

आपल्या भागाला पियानो परका आहे असे समजू नका. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. दादरला पोर्तुगीज चर्चच्या आसपास ख्रिस्ती वस्ती आणि पूर्वेला पारशी कॉलनी. अशा घरांतून संध्याकाळी पियानोचे धडे ऐकू येत. १८६५ साली सुरू झालेले फुर्टाडो हे वाद्यांचे दुकान आजही धोबीतलावला आहे आणि तिथल्याच जेर महालात गोवेकरांचे कूड, म्हणजे सामायिक वसतिस्थान, होते. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली संगीत विद्यालय काढले. ते हिंदुस्थानी गायकीचे गुरू, पण पाश्चात्त्य संगीतही रीतसर शिकलेले. केशवराव भोळ्यांनी प्रभातच्या चित्रपटांना संगीत देताना पियानो वापरला. पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे ध्वनिमुद्रण ताडदेव, महालक्ष्मी, परळ या टापूत होऊ लागले, तेव्हा गोव्याच्या वादकांनी पियानो त्या वाद्यवृंदात पक्का बसवला. म्हणजे लंडन आणि बर्लिनहून आलेल्या या वाद्याचे मुंबईतले आयुष्य काही थोडके नाही.

वय काढायला बसण्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते, ती म्हणजे समोरचे वाद्य पियानोच आहे का? मराठी घरात 'आमचा पियानो' म्हणून दाखवले जाणारे वाद्य पुष्कळदा ऑर्गन निघते. यात नवल नाही. संगीत नाटकाने आपल्याकडे पायपेटी आणि ऑर्गन घरोघर ओळखीचे केले. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गनचा भरणा आठवून डोळे मिटणारी माणसे अजून आहेत. खूण सोपी आहे. खालचे पायटे न दाबता एक पांढरी पट्टी दाबा. आवाज आला तर पियानो. नाही आला आणि खाली गालिचाचे कापड लावलेले दोन रुंद पायटे दिसले, तर तो भात्यावर चालणारा ऑर्गन. पियानोत तारेवर हातोडी पडते, ऑर्गनमध्ये हवेने पितळी स्वरपट्टी थरथरते. एस्टी किंवा मेसन अँड हॅम्लिन अशी अमेरिकन नावे दिसली तर बहुधा ऑर्गनच समजावा, जरी मेसन अँड हॅम्लिनने पुढे पियानोही केले. ऑर्गनचे वय काढण्याची रीत वेगळी, तिच्याकडे आज वळत नाही.

आता पियानोकडे. झाकण उघडले की आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत कारखान्याचे नाव असते, त्याखाली पदकांची रांग आणि कुठेतरी एक साल. घरातली मंडळी तेच साल वाद्याचे वय म्हणून सांगतात. आता आपले गणेशोत्सव आठवा. केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासूनचा, लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ सालचे. मंडपावर हे साल वाचून समोरची मूर्ती तेव्हाची आहे असे कोणी म्हणत नाही. मूर्ती यंदाची, साल परंपरेचे, हे लहान पोरालाही कळते. पियानोपुढे उभे राहिले की हेच शहाणपण आपण विसरतो. बेखश्टाइन, ब्ल्यूथनर आणि स्टाइनवे या तिन्ही नामांकित घराण्यांची स्थापना एकाच वर्षातली, १८५३ सालची. त्यामुळे पियानोवर १८५३ दिसले तर वाद्याच्या वयाबद्दल काहीही कळत नाही.

पदकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८५१ आणि १८६२ची लंडनची, १८६७ आणि १८७८ची पॅरिसची, अशा जागतिक प्रदर्शनांत मिळालेली पदके कारखानदार पुढची कित्येक दशके मिरवत. १८७८चे पदक असलेला पियानो १९१०चाही असू शकतो. पण १८७७चा असू शकत नाही, कारण न मिळालेले पदक आधी छापता येत नाही. इथे पहिली पक्की गोष्ट हाती लागते. पदकाने वय सांगितले नाही, पण 'याच्या आधीचा नाही' एवढे खात्रीने सांगितले. आजच्या व्याख्यानातला हा पहिला खुंटा. रांगेतले सर्वांत अलीकडचे साल घ्यायचे आणि तिथे रेघ मारायची. सर्वांत जुने साल घेण्याचा मोह सर्वांना होतो, कारण त्याने वय वाढते.

यापुढची माहिती वाद्याच्या आत असते. उभ्या पियानोचे वरचे झाकण मागे टाकले की आत दोन्ही कडांना लाकडाच्या किंवा पितळेच्या छोट्या फिरक्या दिसतात. त्या फिरवल्या की समोरची फळी उचलून निघते. खालची फळी पट्ट्यांखालच्या आडव्या लाकडाला लावलेल्या पोलादी पट्टीने अडकवलेली असते. ती पट्टी बोटाने वर दाबली की फळी पुढे कलते. दोन्ही फळ्या भिंतीला लावून ठेवायच्या आणि टॉर्च घेऊन बसायचे. मुंबईतल्या पियानोत पहिल्यांदा दिसतो तो धुळीचा थर, कसरीने खाल्लेली बनात आणि क्वचित एखादा विजेचा बल्ब. पावसाळ्यात आत दमट होऊ नये म्हणून लोक बल्ब लावून ठेवत. धुळीखाली लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि वरच्या बाजूला खुंट्यांच्या रांगा.

शोधायचा आहे तो अनुक्रमांक. चौकटीवर साच्यातून ओतीव आलेले उठावाचे आकडे पुष्कळदा ओतकामाचे असतात, त्यांना भुलू नये. लाकडावर ठसा मारून घातलेला किंवा चौकटीवर रंगाने लिहिलेला, बहुधा चारपासून सहा आकडी क्रमांक आपल्या कामाचा. तो कधी खुंट्यांजवळ असतो, कधी वरच्या झाकणाखालच्या लाकडावर, कधी पाठीमागे, तर कधी अगदी डावीकडच्या पहिल्या पट्टीच्या कुशीवर. हातोड्यांचा सांगाडा पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यातून यायचा आणि त्याच्यावर त्याचा क्रमांक वेगळा. म्हणून एकाच पियानोत दोन-तीन आकडे सापडले तर गोंधळू नये. कुठला कोणाचा ते आधी ठरवावे.

मोठ्या कारखान्यांचे क्रमांक आणि वर्षे यांचे कोष्टक छापलेले आहे. पिअर्स यांचा पियानो अ‍ॅटलास हा त्यासाठी दुकानदारांचा नेहमीचा आधार. स्टाइनवेचा एक लाखावा पियानो १९०३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेला, तीन लाखावा १९३८ साली तिथेच गेला आणि पाच लाखावा १९८८ सालचा. हे तीन आकडे ठाऊक असले तरी स्टाइनवेचा क्रमांक पाहून दशकाचा अंदाज बांधता येतो. अर्थात कोष्टकातले वर्ष बहुतेक वेळा क्रमांक घातल्याचे असते. वाद्य विकले कधी गेले आणि गिऱ्हाइकाच्या घरी कधी पोचले, ते वेगळे. बीथोव्हेनला लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्याने भेट दिलेला पियानो सगळ्या जगाला माहीत आहे. त्याचा क्रमांक ७३६२. तो डिसेंबर १८१७ मध्ये लंडनहून निघाला आणि व्हिएन्नाला पोचेपर्यंत १८१८ उजाडले. हे आपल्याला इतके नेमके कळते, कारण ब्रॉडवुडची हमालांची नोंदवही शिल्लक आहे. त्या कंपनीची दप्तरे आज इंग्लंडात सरे परगण्याच्या अभिलेखागारात आहेत. नोंदणारा कारकून आणि ती वही जपणारा माणूस या दोघांचे उपकार पुढच्या दोनशे वर्षांवर होतात, ते असे.

सगळेच ब्रॉडवुड नसतात. लंडनच्या उत्तर भागात लहान लहान पियानो कारखान्यांची दाटी होती. त्यांतले कित्येक आले आणि गेले, कागद मागे राहिला नाही. शिवाय कारखान्याने वाद्य करायचे आणि त्यावर नाव विकणाऱ्या दुकानाचे घालायचे, असाही सर्रास प्रघात होता. मुंबईत एस. रोज अँड कंपनी हे पियानो विकणारे बडे नाव. झाकणावर त्यांचे नाव दिसले की वाद्य मुंबईच्या बाजारातून घेतले एवढे कळते. ते कोणी घडवले ते आत शोधावे लागते. पुन्हा पॉलिश करताना नाव खरवडून गेले, किंवा नव्याने घातले, असेही घडलेले असते. म्हणून नुसत्या नावावर विसंबता येत नाही.

क्रमांक लागला नाही तर काय करायचे, याचा एक नमुना पाहू. समजा, गिरगावातल्या एखाद्या वाडीत उभा पियानो आहे. झाकणावर 'जॉन ब्रॉडवुड अँड सन्स लिमिटेड' असे नाव आणि खाली पत्ता, ३३ ग्रेट पुलटेनी स्ट्रीट, लंडन. घरातली हकिकत अशी, की पणजोबांनी राणीच्या ज्युबिलीला तो घेतला. राणीच्या ज्युबिली दोन, १८८७ची आणि १८९७ची. आता नावाकडे बघा. या घराण्याने 'सन्स' हे नाव १८०८ पासून लावले, त्याने काही साधत नाही. पण 'लिमिटेड' ही कंपनी झाली १९०१ साली. म्हणजे याच्या आधीचा नाही. पत्त्याकडे बघा. ग्रेट पुलटेनी स्ट्रीटची जागा त्यांनी १९०४ साली सोडली आणि ते कॉन्ड्युइट स्ट्रीटला गेले. म्हणजे याच्या नंतरचा नाही. जुनी अक्षरे संपेपर्यंत वापरली असतील असे धरून एखादे वर्ष इकडेतिकडे सोडा. एक शब्द आणि एक पत्ता यांनी वाद्याला तीन-चार वर्षांच्या खोलीत कोंडून घातले. ज्युबिलीची गोष्ट या वाद्यापुरती तरी बसत नाही, कारण 'लिमिटेड' झालेली कंपनी पाहायला राणी हयात नव्हती. जानेवारी १९०१ मध्येच ती वारली.

नाव, पत्ता, क्रमांक यांपैकी काहीच नसेल तर घडण बोलते. पण घडणीची भाषा जपून ऐकावी लागते. अठराव्या शतकातल्या पियानोला साधारण पाच सप्तके असत. पुढे ती वाढत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सात सप्तके, म्हणजे ८५ पट्ट्या रुळल्या. आजच्या ८८ पट्ट्यांची पद्धत त्या शतकाच्या अखेरीकडे सर्वत्र होऊ लागली. तेव्हा मोजा. ८८ निघाल्या तर वाद्य फार जुने असण्याचा संभव कमी. पण ८५ निघाल्या म्हणून ते जुनेच, असे म्हणता येत नाही. ८५ पट्ट्यांची वाद्ये विसाव्या शतकातही होत राहिली.

तारांचेही तसेच. अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट अमेरिकेत बॅबकॉकने १८२५ साली घेतले आणि खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेण्याची रचना स्टाइनवेने १८५९ साली मोठ्या पियानोत पेटंट केली. आज ती सगळीकडे आहे. मुंबईतल्या जुन्या इंग्रजी पियानोत मात्र तारा सरळ खाली उतरलेल्या आणि तारा दाबून आवाज थांबवणारे दट्टे हातोड्यांच्या वर बसवलेले दिसतात. वरून पाहिले तर पिंजऱ्याच्या सळ्यांसारखी दट्ट्यांच्या तारांची रांग दिसते. ही रचना जुनी खरी, पण इंग्रज कारखानदारांनी ती नवी रचना आल्यावरही चिकाटीने चालू ठेवली. नवी गोष्ट सापडली तर ती 'याच्या आधीचा नाही' असे छातीठोक सांगते. नवी गोष्ट नसणे मात्र फारसे काही सांगत नाही. इतिहासात हा फरक पदोपदी लागतो आणि पदोपदी विसरला जातो.

पट्टी जवळून पाहा. पांढऱ्या पट्टीच्या पृष्ठभागावर, काळ्या पट्ट्या जिथे सुरू होतात त्या जागी, केसाएवढी आडवी रेघ दिसली तर ते हस्तिदंत असण्याची शक्यता मोठी, कारण रुंद डोके आणि अरुंद शेपूट असे दोन तुकडे तिथे जोडलेले असतात. उजेडात धरल्यावर दाताच्या बारीक रेषाही दिसतात. एकसंध, गुळगुळीत, रेघ नसलेले आवरण असेल तर ते सेल्युलॉइड किंवा त्यानंतरचे प्लास्टिक. सेल्युलॉइडचा शोध १८७०च्या सुमाराचा. पण आवरण बदलता येते, म्हणून यावरून पट्टीचे आवरण कधीचे एवढेच ठरते. उष्ण प्रदेशांसाठी खास बांधलेल्या वाद्यांत सरस उकलला तरी आवरण निघू नये म्हणून पट्टीच्या टोकाला पितळी खिळे मारत. ते दिसले तर वाद्य मुळातच आपल्यासारख्या हवेसाठी घडवले होते.

मागच्या बाजूला किंवा चौकटीवर 'मेड इन जर्मनी' असे दिसले तर तोही एक खुंटा. परदेशी मालावर देशाचे नाव हवे असा कायदा ब्रिटनने १८८७ साली केला आणि त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली आला. पितळी मेणबत्तीदाण्यांच्या मागे इंग्रजी 'आरडी नंबर' अशा अक्षरांपुढे आकडे असतील तर ती नक्षी १८८४ नंतर नोंदलेली. आणि एक खूण तर आपल्या मिस्त्रीलाही कळेल. ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो फुलीच्या खाचेचा स्क्रू फिलिप्सच्या पेटंटांनंतर, म्हणजे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला. जुन्या पियानोत तो दिसला की हात कोणीतरी नंतर घातलेला आहे. हातोड्यांची बनात बदललेली, तारा नव्या, खुंट्या जाड घातलेल्या, अशी वाद्ये मुंबईत खूप. त्यामुळे 'पियानोचे वय किती' याचे उत्तर भागाभागाने द्यावे लागते. पेटी १९०२ची, खर्जाच्या तारा पन्नास वर्षांनी अलीकडच्या, पट्ट्यांची आवरणे त्याहून नवी.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला, प्रयोगशाळेत द्यावे. कार्बन पद्धत इथे फारशी उपयोगाची नाही. गेल्या तीनेकशे वर्षांतल्या वस्तूंसाठी ती इतकी सैल वर्षे देते की त्यात पियानोचा सगळा इतिहास मावतो. ध्वनिफलकाच्या लाकडाची वाढवलये मोजून जुन्या व्हायोलिनांप्रमाणे काही सांगता येते. पण त्यातूनही शिल्लक असलेले शेवटचे वलय कोणत्या सालचे तेवढेच कळते. झाड त्यानंतर तोडले, लाकूड वाळवले, मग वाद्य झाले. म्हणजे यंत्रही शेवटी पदकासारखेच बोलते, याच्या आधीचा नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंत सांगितलेल्या खुणा एकत्र ठेवून पाहा. पदके, पेटंटे, कंपनीचे नाव, कायद्याने घालायला लावलेले शब्द, हे जवळजवळ सगळे पुरावे खालची रेघ मारतात. आणि ते बहुतेक परदेशातले आहेत. वरची रेघ, म्हणजे 'या तारखेला हे वाद्य नक्की होते', ती कशाने मारायची? पत्त्यासारखा पुरावा नशिबाने मिळतो. बाकी वरची रेघ मुंबईतच सापडते.

ती सापडते डावीकडच्या पहिल्या पट्ट्यांच्या लाकडी कुशीवर. ट्यूनर काम संपले की तिथे शिसपेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून ठेवतात. बैठकीतल्या लोकांना कधी न दिसणाऱ्या जागी लिहिलेली ही नोंद. पट्टी खिळ्यावरून हलकेच उचलून बाजूला धरली की एकाखाली एक तारखा दिसतात. सर्वांत जुनी तारीख हा पुरावा, की त्या दिवशी हे वाद्य होते आणि कोणाचा तरी हात त्याला लागला होता. ट्यूनर मुंबईचा असेल तर वाद्य तेव्हा मुंबईत होते हेही कळते. लग्नाच्या फोटोत मागे उभा दिसणारा पियानो, दुकानाची पावती, विम्याचा कागद, पट्ट्यांखाली पडून राहिलेले नाणे किंवा वर्तमानपत्राचा तुकडा, हे सगळे आपल्या बाजूचे पुरावे. नाण्याला मात्र त्याची बाजू ओळखून बोलवावे. १९१९चे नाणे पियानोत सापडले म्हणजे ते १९१९ नंतर कधीतरी आत पडले, एवढेच.

घरातल्या आठवणींचेही असेच. आठवण टाकून द्यायची नाही, तिला प्रश्न विचारायचे. मुंबईतली जुनी माणसे साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. प्लेगच्या साली, गोदीत स्फोट झाला तेव्हा, पाकिस्तान झाले तेव्हा. प्लेग १८९६चा, गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४चा. प्रसंगाला साल जोडता येते, म्हणून 'फार फार जुना' या शब्दांपेक्षा 'गोदीच्या स्फोटात खिडकीची काच फुटून याच्यावर पडली' ही आठवण लाख मोलाची. ज्युबिलीची हकिकत वाद्याशी जुळली नाही म्हणून पणजोबांना खोटे ठरवण्याचेही कारण नाही. त्यांनी ज्युबिलीला पियानो घेतला असेल, पुढे तो देऊन दुसरा आणला असेल. जुना देऊन नवा घेण्याचा व्यवहार तेव्हाही होताच. वस्तू बदलली, गोष्ट जुन्या जागी राहिली.

वयाला व्यवहारातही अर्थ आहे. १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांची रेघ धरतो. एवढ्या जुन्या कलाकुसरीच्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि एखादी वस्तू त्यात मोडत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलीकडे आजीचा पियानो पाठवायचा बेत असेल तर वय आधी ठरवलेले बरे. पट्ट्या हस्तिदंती असतील तर वन्यजीव कायदाही आड येतो. विक्री करण्याआधी जाणकाराला विचारावे. आणि एक गैरसमज दूर करतो. वय म्हणजे किंमत नव्हे. मुंबईच्या दमटपणात खुंट्या धरणारे लाकूड सैल पडले असेल तर शंभर वर्षांचा पियानो सूर धरत नाही आणि त्याला बाजारात फारसा भाव येत नाही. साल वाढवून सांगितल्याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून आपल्यापुढे एक मागणे ठेवतो. ज्यांच्या घरी, शेजारी, चर्चमध्ये, शाळेत किंवा जिमखान्यात जुना पियानो असेल त्यांनी तो हलवण्याआधी, विकण्याआधी, मोडण्याआधी एक दुपार त्याला द्यावी. झाकणे काढा, क्रमांक, नाव, पत्ता, पदके यांचे फोटो काढा. पहिल्या पट्ट्यांवरच्या तारखा उतरवून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे लिहिलेले वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत, कोणी कधी सांगितले त्यासकट लिहा. आणि शेवटी एका कागदावर दोन वर्षे मांडा, याच्या आधीचा नाही आणि याच्या नंतरचा नाही. दोन्हींपुढे आपल्या सरांच्या प्रश्नाचे उत्तर लिहा, कशावरून. मधल्या वर्षांत एकच साल निवडण्याचा आग्रह धरू नका. पुढे कोणाला नवा कागद सापडला तर ती जागा आणखी अरुंद होईल.

लंडनच्या हमालांच्या वहीने बीथोव्हेनच्या पियानोची तारीख दोनशे वर्षे टिकवली. आपल्या वाड्या आणि चाळी पाडल्या जात असताना मुंबईच्या बाजूची वही कोणी ठेवलेली नाही, ती आता घराघरातूनच गोळा करावी लागेल. आपल्या ग्रंथालयांनी अशा नोंदींसाठी एक फाइल उघडली तरी सुरुवात होईल. पियानोपुरतेच नाही, शिवणयंत्र, घड्याळ, पायपेटी, छापखान्याचे यंत्र, सगळ्यांना हीच रीत लागू आहे. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी हे काम मनावर घ्यावे अशी विनंती करतो.